हलवू नकोस

स्किप्टनमध्ये, कालव्याच्या कडेला,
बगळ्याचा फोटो घेताना हातातून फोन सुटला.
बगळा जागचा हलला नाही.
ताकात लोण्याचा गोळा परत सोडावा
इतकाच आवाज.

नोव्हेंबर. चार वाजले होते आणि अंधारलं होतं.
पाणी म्हणजे कुणीतरी करून विसरलेला कोरा चहा.
पण तळाशी तो उजळला. विझला. उजळला.
तीन वेळा.
मला वाटलं, अगदी आत्ताच कुणाला तरी
मी हवी आहे.

बोटीतून एक म्हातारा उतरला,
(क्लाइव्ह, हे नंतर कळलं)
हातात मासे उचलायची लांब दांड्याची जाळी.
पहिल्या खेपेला चिखल.
दुसऱ्या खेपेला चिखल आणि एक चमचा,
तो त्याने नीट न्याहाळून खिशात घातला.
तिसऱ्या खेपेला माझा फोन, शेवाळाची शेपटी लावून.
"आधी बंद कर," तो म्हणाला. "आणि हलवू नकोस.
लोक हलवतात. मग पाण्याला आतल्या वाटा सापडतात."
मी हलवतच होते,
फणफणलेल्या बाळाला खांद्यावर घेऊन हलवतात तशी.

घरी बासमती संपलेला.
होता तो आंबेमोहोर, किलोभर,
नणंदेने भोरहून साड्यांच्या घड्यांत दडवून आणलेला.
घरात कुणी आजारी पडलं तरच तो आम्ही काढतो.
"मग आजारीच आहे की," हेरंब म्हणाला
आणि डबा परातीत पालथा केला.

रात्री परातीपाशी बसून राहिले.
करायला काहीच नव्हतं, ही गोष्टच मी विसरले होते.
बारशाला आत्या नाव लिहिते तसं
बोट तांदळावर टेकवलं,
म्हटलं, हेरंबचा नंबर लिहू.
शून्य, सात.
पुढे तांदूळ.
एकवीस वर्षांचा संसार, आणि पुढे तांदूळ.
ग्लासगोला शिकणाऱ्या लेकीचा? तिचाही शून्य, सात.
मग बोट आपल्या मनाने चाललं:
दोन चार सात एक नऊ.

सांगलीच्या ताटेकाकूंचा.
आमच्या वडिलांच्या कार्डावर कंसात पी.पी. लिहून छापलेला.
काकू जिन्यावरून हाक मारायच्या
आणि आम्ही ओल्या हातांनी धावायचो.
माझी फोनशी ओळख अशी झाली:
दुसऱ्याच्या घरात, चपला बाहेर काढून,
भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात,
काकू मुद्दाम आत जाऊन भांडी वाजवत असताना.

तिसऱ्या दिवशी झहूरच्या दुकानात.
त्याने चिमट्याने चार्जिंगच्या भोकातून
तांदळाची एक कणी काढली, दिव्यासमोर धरली,
हिऱ्याचा व्यापारी धरतो तशी.
"बाजी, चावल खाने के लिए होते हैं."
मग स्पिरिट, दात घासायचा जुना ब्रश,
आणि चाळीस पौंड.

फोन उठला.
त्या संध्याकाळी मला कुणीच शोधत नव्हतं.
पाणी आत शिरतानाच पडदा लुकलुकला असणार.
निरोप एकच, दाताच्या दवाखान्याचा:
तुम्ही आला नाहीत.

डाव्या कोपऱ्यात, काचेखाली, एक डाग तेवढा राहिला.
तिथे मी भारताची वेळ लावून ठेवली आहे.
आता तिकडे किती वाजले ते बघायला
फोन तिरका धरावा लागतो.

राहता राहिले तांदूळ.
टाकायचे कसे? आणि टाकायचे नाहीत तर काय?
दोन दिवस परात ओट्यावर होती,
दोघंही तिला वळसा घालून चहा करत होतो.
शेवटी रविवारी मी निवडायला घेतले.
आकडे कधीच मोडले होते,
नऊचं शेपूट काय ते शिल्लक होतं.
पाच पाण्यांनी धुतले. सहाव्यांदाही धुतले.
मऊ भात टाकला, मेतकुटाची बाटली काढली,
तूप कढवलं. घरात कुणीही आजारी नव्हतं.

वास सुटला तसा हेरंब डाव घेऊन आला,
झाकण उचलू लागला.
"हलवू नकोस," मी म्हणाले.