मागचं फाटक

सीपीआरमधल्या सिस्टरनं केसपेपरच्या पाठीवर
लिहून दिलं होतं: मंगळवार, साडेसात,
म्युनिसिपालटीची शाळा, मागचं फाटक.
चिठ्ठी घडीवर फाटत आली,
मी सहा मंगळवार नुसता खिसा बदलत राहिलो.

या गावात मला रस्ता कधी विचारावा लागला नाही.
डोळे बांधून उद्यमनगरात सोडा,
वासावर सांगतो
कुठल्या परमिट रूमचा पडदा हिरवा, कुठल्याचा मळका,
कुठं उधारी चालते,
कुठला वेटर मागायच्या आत खारे दाणे आणून ठेवतो,
कुठल्या दुकानाचं शटर
ड्राय डेलाही गुडघ्याएवढं उघडं असतं.
एवढ्या गल्ल्या पाठ असलेला माणूस
बिंदू चौकात घामाघूम,
एक शाळा सापडेना म्हणून.

पानवाल्याला विचारायला गेलो, तर 'शाळा' म्हणताना जीभ अडली.
त्यानं माझ्या बोटांकडं बघितलं.
"देशी व्हय? सरळ जावा, टाकीखाली."
राग नाही आला.
माणूस त्यानं बरोबर ओळखला होता,
फक्त वार चुकला होता.

ही बोटं बावीस वर्षं लेथवर होती.
मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला की जॉब भंगारात.
आता डायल गेज लावला तर कळत नाही
काटा हलतोय की मी.
मालकानं काढलं नाही, पॅकिंगला बसवलं.
काढलं असतं तर बरं झालं असतं,
घरी जाऊन सांगायला काहीतरी मोठं असतं.

निघताना शकूनं विचारलं होतं, कुठं?
मी म्हटलं, गंगावेशीत. दूध प्यायला.
ती हसली.
तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही मला.
खरं सांगितलं असतं तर
नुसतीच मान हलवली असती तिनं,
दरवेळी हलवते तशी.

फाटक सापडलं ते चपलांमुळं.
व्हरांड्यात दहा-बारा जोड,
एक बायकांचा सँडल, एक पोलिसी बूट,
आणि एक कोल्हापुरी,
टायरच्या तुकड्यानं टाच सांधलेली.
ती टाच मी ओळखत होतो.
टेबलाखाली मान घातलेल्या किती रात्री
तीच एक गोष्ट स्थिर दिसायची मला.

आत तिसरीचा वर्ग. बाक पोरांचे,
गुडघे कुठं घालावेत कळेना.
फळ्यावर सकाळचा सुविचार अर्धा पुसलेला,
'नेहमी खरे' एवढंच उरलेलं.
तो पुढं आला, खारे दाणे आणणारा तो,
आणि मागायच्या आत
चहाचा कप ठेवला माझ्यासमोर.
"बसा. साखर कमी हाय.
मी इलाही. चौदा महिने झाले."
दहा वर्षं मी त्याला 'ए' म्हणून हाक मारली होती.

मग एकेक जण बोलला.
कुणी पोरीचं लग्न सांगितलं, ज्यात तो नव्हता.
एका बाईनं फक्त एवढंच,
की देवघरातला तांब्या तिनं घासून ठेवलाय,
आता त्यात पाणीच असतं.
कुणी च्च केलं नाही.
माझ्यापाशी आलं तेव्हा म्हटलं, मी आनंदा,
आणि पुढचं वाक्य काही केल्या येईना.
बाहेर रिक्षा गेली, कुत्रं भुंकलं,
पंख्याची एक पाती खटखटत होती.
कुणी पुढचं मागितलं नाही.

सुटल्यावर इलाहीनं सायकल हातात धरली,
"चला, म्हशी आल्या असतील."
मी त्याला शकूचं काही सांगितलं नव्हतं.
गंगावेशीच्या कट्ट्यावर धार थेट ग्लासात पडली,
कोमट, वर बोटभर फेस.
ग्लास दोन्ही हातांनी धरला तरी
निम्मं दूध शर्टावर सांडलं.
गवळी म्हणाला, हळू, पळून जात नाय ते.

उद्याचं मला माहीत नाही.
वाटेत चार पडदे लागतात, एक हिरवा.
मिशीवरचा फेस पुसला नाही.
तसाच घेऊन घरी निघालो,
पुरावा म्हणून.