तीन मीटर मागे

पहिल्या जागी आडवा बार: उंच गाड्यांना मज्जाव.
दुसरीकडे उद्याच्या बाजाराचे खांब रोवलेले.
अंधार पडता पडता सापडला
गालिसियाच्या टोकाचा हा धक्का,
सार्डिनच्या रिकाम्या पेट्यांमागे,
एक नळ, आणि नाही म्हणणारं कुणी नाही.

पडदे ओढले. भात शिजत आला
आणि काचेवर टकटक.
किल्ली हातात घेऊनच दार उघडलं.

एलादियो नाव त्याचं. पायात सपाता.
हातांनीच सांगत होता: जा नव्हे, सरका.
तीन मीटर. मागे.
वर खिडकीत ओतिलिया, अंथरुणाला खिळलेली,
झोपण्याआधी होड्यांचे दिवे मोजते.
आज दोन कमी भरले.

गाडी मागे घेतली.
वरची खिडकी अंधारली तोवर भात खाली लागला होता.

पहाटे निघालो. रात्री पाऊस येऊन गेलेला;
ओल्या फरशीवर
आमच्याएवढा कोरडा चौकोन.