धूळ वजा करताना

पाच हजार दोनशे मीटरवर
माणसानं मोजूनच बोलावं.
मी रोसामेल कोल्के. जनरेटर माझ्याकडे.
गारठ्यानं डिझेल दाटलं की
रात्री दोनला उठायचं,
नाकात ऑक्सिजनची नळी, हात काळे.

वर दुर्बीण मान वळवते,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आभाळाची तीच पट्टी पुन्हा पुन्हा,
करपलेलं पातेलं घासावं तशी.
तिच्या पोटात एक डबा आहे,
विश्वाहून गार.
"गारच लागतो," इल्से उर्रेहोला म्हणाली,
"तापलेल्या हाताला दुसऱ्याचा ताप कळत नाही."

तेराशे ऐंशी कोटी वर्षं चालून
उजेड इतका निवलाय
की डोळ्यांना लागत नाही.
सगळ्या दिशांनी सारखाच येतो,
फरक असलाच तर लाखात एखाद्या भागाचा.
त्या उण्याअधिकातूनच म्हणे पुढचं सगळं झालं:
तारे, मिठागरं, फ्लेमिंगो,
माझा जनरेटरसुद्धा.

काल तिनं पडद्यावर नकाशा उघडला.
मधोमध जाड लाल पट्टा.
"ही आपल्या आकाशगंगेची धूळ.
मध्ये येते. वजा करायची."

मी बघत राहिलो.
मान ओळखली. मग पाय.
पोटाशी पिल्लू.

आमच्यात ताऱ्यांपेक्षा
ताऱ्यांमधल्या काळोखाला नावं जास्त.
तोकोनाओच्या वर, कळपाशी निजताना
बाप माझं बोट धरून तिच्या पाठीवरून फिरवायचा.
काळी लामा.
ती वाकली की झऱ्यांना पाणी सुटतं.

"म्हणजे लामा वजा करता?"

इल्सेनं चहा टाकला.
इथं पाणी लवकर उकळतं
आणि चहा काही केल्या उतरत नाही.
ती पातेल्यात बघत बसली.
"टाकून नाही देत," म्हणाली शेवटी,
"वेगळ्या फाइलीत ठेवतो.
आधी तिचाच नकाशा काढावा लागतो,
केसन् केस.
तेव्हा कुठे ती बाजूला सरते."

आई किन्वा पाखडायची
तेव्हा कोंड्याखाली फडकं अंथरायची.
कोंबड्यांना होतं, म्हणायची.

"मग ठीक," मी म्हणालो.
"पिल्लाला वेगळं करू नका."
तिनं वहीत काहीतरी लिहिलं.
चेष्टेनं की खरंच, विचारलं नाही.

बाहेर आलो. टाकी निम्मी.
ती डोक्यावर होतीच, मान खाली घालून,
आणि तो म्हातारा उजेड
तिच्या अंगातून गाळून येत असणार.

मी फिल्टर बदलला.