दुसऱ्याच्या नंबरावर

ताहेरभाईंनी काचेवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.
भाव एकच, साडेअठरा.
"बघा बाई, तुम्हीच ठरवा,"
आणि ते कुणाच्या तरी चार्जरकडे वळले.

डावीकडचा नवा, साबणाच्या वडीएवढा.
पर्समध्ये राहील, डिकीत डब्याशेजारी राहील.
बटण दाबलं की नाक पुढे काढतो
आणि तीसपट जवळ आणतो
समोरच्या टाकीवर बसलेली घार,
तिच्या पायात अडकलेला मांजासुद्धा.
खोटं कशाला बोलू, मला तो आवडला.

उजवीकडचा काळा, अकरा वर्षांचा.
मुठीपाशी रबर सुटून पांढुरकं झालेलं,
पट्ट्याला कुणाच्या तरी मानेचा घाम,
वजन किलोभर साखरेचं, वर थोडं.
"त्रेपन्न हजार क्लिक झालेत," ताहेरभाई तिकडूनच म्हणाले,
"हडपसरचे कामठे. शाळांच्या गॅदरिंगचे फोटो काढायचे.
आता ड्रोन उडवतात."

त्रेपन्न हजार.
मी आकड्याला घाबरणारी नाही.
सव्वीस वर्षं सदाशिव पेठेतल्या लॅबमध्ये
पांढऱ्या पेशी मोजतेय,
डोळा नळीला, बोटं काउंटरवर,
टक टक टक, शंभर झाले की घंटी.
न्यूट्रोफिल बासष्ट, लिम्फोसाइट तीस,
आणि ज्याचं रक्त तो बाहेर बाकावर
पेपरातलं कोडं सोडवतोय.

छोटा धरायचा तर हात लांब करावा लागतो,
चष्मा विसरलेला माणूस पंचांग धरतो तसा,
आणि उन्हात पडद्यावर दिसतो
माझाच स्कार्फ.
मग मोठा उचलला.
स्कार्फ हनुवटीखाली, चष्मा कपाळावर,
डोळा लावला.

सेंटर स्ट्रीट विरघळलेली.
पाट्या, स्कूटर, पेरूवाला,
सगळं दुधात भिजत घातलेल्या पोळीसारखं.
"लेन्स गेली का हो?"
"लेन्स नाही बाई, नंबर. कामठेंच्या डोळ्याचा आहे."

खिडकीशेजारी एवढीशी चकती असते.
हे मला सांगायला नको होतं.
आमच्या नळीलाही असते.
रात्रपाळीचा ढवळीकर ती स्वतःच्या नंबरावर नेऊन ठेवायचा,
सकाळी मी माझ्यावर आणायची.
नऊ वर्षं.
भेटलो असू चार-पाच वेळा,
त्यातही एकदा त्याच्या आईच्या तेराव्याला.
पण एखाद्या सकाळी चकती
नेहमीपेक्षा पुढे गेलेली दिसली की कळायचं,
याचा नंबर वाढला.
मग एका सकाळी ती हललेलीच नव्हती.

कामठेंची चकती नखाने फिरवली.
एक खाच. दोन.
तिसऱ्या खाचेला
पेरूवाल्याच्या तराजूतलं वजन दिसलं,
दोनशे ग्रॅम, कोपरा तुटलेला.
टक.
त्रेपन्न हजार एक.
घंटी वाजली नाही.

डिकीत बसला नाहीच.
गळ्यात अडकवून जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली.
सेव्हन लव्हज चौकाच्या सिग्नलला
शेजारच्या पोराने माझ्या पोटाचा फुगवटा पाहिला
आणि अदबीने बाइक मागे घेतली.
बावन्नाव्या वर्षी!
हसले ते स्कार्फच्या आतच.

रविवारी तळजईवर मनगट दुखलं.
गवताच्या काडीवर चतुर बसला होता,
पिशवीतून काढून टोपण उघडेपर्यंत उडाला.
छोटा असता तर मिळाला असता,
असं मी मोठ्यांदा म्हटलं,
जवळून जाणाऱ्या आजोबांनी
कानातलं यंत्र नीट केलं.
पुन्हा म्हणणार
तर तो परत त्याच काडीवर.
मी तिथेच मातीत बसले,
एक डोळा खिडकीला,
दुसरा उघडाच.
सवय.