खाडा

अंबाजोगाई. लॉचं दुसरं वर्ष.
सर फळ्यावर लिहितात :
लोकातिओ कंडुक्तिओ ओपेरारुम.
लोकारे म्हणजे ठेवणे.
घर ठेवावं, गाढव ठेवावं,
तसेच आपले दिवस
दुसऱ्याच्या हाती ठेवायचे, भाड्यानं.

आमच्यात उलटं म्हणतात :
उचल.
पोळ्याला लिंबाजी मुकादमानं नोटा मोजल्या
आणि माय-बाप मिळून
एक कोयता झाले.

सर पुढचं वाचतात :
काम थांबलं, पण गड्याच्या दोषानं नाही,
तर साऱ्या मुदतीची मजुरी
त्याला मिळाली पाहिजे.

माझा पेन तिथंच अडतो.
माघात माय तापानं फणफणली,
फडाच्या कडेला पाचटावर
तीन दिवस पडून होती.
मुकादमाच्या डायरीत तीन खाडे,
वर दंड वेगळा.

सर, हे वाक्य कधीचं?
असेल अठराशे वर्षांचं.
मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली.

टोळी परतली की सांगीन मायला.
ती पायातली कुसं काढत
ऐकून घेईल सगळं,
मग विचारील,
"लिव्हलं व्हतं, ते ठीक.
देत व्हते का पर?"

एवढं मात्र
सरांनी शिकवलं नाही.