चार गुंजा

सराफ बाजार उघडायच्या आधी
मी गटारीवर वाकलेली असायचे.
झाडू, घमेलं, काठ झिजलेली परात.
कानशीखालून उडालेलं,
कारागिराच्या केसांत अडकून न्हाणीत धुतलं गेलेलं
सगळं जळगावचं सोनं कधी ना कधी
माझ्या दारावरून वाहायचं.
चिखल जातो, वाळू जाते, जड ते तळाला बसतं.
एवढंच शास्त्र. मग पारा, मग आच.
मसुराएवढा मणी निघाला तर आठवडा चांगला.

मग बोटं गेली.
सकाळी मूठ वळेना, परात धरवेना,
सांधे आल्याच्या गड्ड्यासारखे.
बिब्बा झाला, निरगुडीचा शेक झाला.
सिव्हिलमध्ये भंगाळे डॉक्टरीण म्हणाली,
द्वारकाबाई, तुम्हाला सोनं द्यावं लागेल.
म्हटलं, गरिबाची चेष्टा करू नका.

ती हसली नाही. कुपी खिडकीशी धरली.
पिवळसर पाणी.
चार पिढ्या आम्ही पाण्यातून सोनं काढलं;
पाण्यात सोनं घालणारं माणूस
पहिल्यांदाच बघत होते.

दर मंगळवारी कमरेखाली एक सुई.
त्याआधी बाटलीत लघवी. नर्स ती
दिव्यावर तापवायची: गढूळली तर सुई नाही.
ही रीत मला पटली. तापव, थांब,
काय उरतं बघ.
नणंद म्हणाली, वहिनी, ओतू नका, घमेल्यात धरा.
दोघी हसलो. हसताना जबडा दुखला.

सोळाव्या सुईला मूठ वळली.
विसाव्या सुईला अंगभर पुरळ,
तोंडात छाले, बाटली गढूळ.
बंद, डॉक्टरीण म्हणाली.
मी तिथेच हिशेब मागितला.
वीस सुया, त्यातलं निम्मं मीठ,
तिने कागदावर मांडलं: अर्धा ग्रॅम.
म्हणजे चार गुंजा.
माझ्या नथीत याहून जास्त होतं.
ती मोडली, या चार आत आल्या.
मधला नफा कुणी खाल्ला, कळलं नाही.

सून आता गिरणेकाठी राखही धुते.
तिला सांगून ठेवलंय, माझी धुतलीस
तर आशा धरू नकोस,
निम्मं बाटलीतून गेलं असेल.

मग चिठ्ठीवर दुसरंच आलं.
औषधवाला म्हणाला, ही तर मलेरियाची गोळी.
ताप येतो का?
यायचा.
यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला,
एक दिवसाआड, भर दुपारी,
तीन गोधड्यांखाली दात वाजायचे.
लुकमान तडवी यायचा, खाकी पिशवी घेऊन.
बोटाला टोचून काचेवर थेंब,
दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीने तारीख,
जिभेवर गोळी. मी तोंड फिरवायची.
माय म्हणायची, गियी ले वं, कडू शे तेच कामनं.
मी गिळली. धाकटा थुंकत राहिला.
भिंतीवर त्याच्या नावापुढे
तारखा तीनच.

तीच चव. जिभेने आधी ओळखली.
तापाची गोळी सांध्यात काय करते, मी विचारलं.
डॉक्टरीण थांबली, म्हणाली,
खरं सांगू, आम्हालाही पुरतं कळलेलं नाही.
मला बरं वाटलं.
पारा सोन्याला का धरतो
हे सासूलाही सांगता यायचं नाही.

हिचा दात मात्र डोळ्यांवर.
म्हणून वर्षातून एकदा अंधाऱ्या खोलीत
हनुवटी टेकवून बसायचं,
लाल ठिपका दिसला की हो म्हणायचं.
मी हो, हो, हो म्हणत जाते.
गटारीत कण हेरणाऱ्या बाईला
ठिपका काय अवघड?

मागच्या खेपेला मध्येच
मशीन टिकटिकलं, समोर काहीच नव्हतं.
बोटं मांडीवर सरळ पडली होती,
किती वर्षांनी सरळ.
मी त्यांच्याकडे बघितलं
आणि हो म्हटलं.