बावीस बाटल्या

भिवापूर सोडताना अख्खी गाडी एकदम शिंकते,
मिरचीचे सातरे पार रस्त्यापर्यंत आलेत.
मी शिंकते तीही डब्यावरचा हात न काढता.
थर्माकोलचा डबा, आत बावीस बाटल्या,
अर्धा-अर्धा लिटर गाव.
मासे का, कंडक्टर विचारतो.
पाणी.
लगेज लावावं की नाही, त्याचं बोट मशीनवर अडून राहतं.

काल यशोदा कुंभरेनं हापसून दिलं.
पहिलं पाणी सोडून द्यायचं, बाटली तीनदा विसळायची,
झाकणाच्या आत बोट लागता कामा नये.
"नागपुरात पानी नाही का, बाई?
येवढ्या दुरून काहून न्याले लागते?"
हसली, पदर तोंडाला लावून.
मागे उभी चार पोरं हसली, तोंडावर हात धरून.
हात कशाला, ते मला ठाऊक.
लेबलवर लिहिलं: चिखलाबोडी, हापसा तीन, सकाळी साडेआठ.
दातांना रकाना नाही.
निघताना तिनं कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून दिलं,
हे तुमच्या तहानेचं.

उमरेडला कोळशाचे ढिगारे, त्यांवर आता बाभळी.
मग वाघाची पाटी, मग वाघामुळे आलेल्या हॉटेलांची पाटी.
पाचगावनंतर शेतं संपत नाहीत,
त्यांत चुन्याच्या रेघा पडतात नुसत्या
आणि कमानीवर एखाद्या देवाचं नाव, पुढे 'सिटी'.
तूर उभीच आहे प्लॉट नंबर चौदामध्ये, शेंगांसकट.

सातवीच्या भूगोलात एक शब्द होता, विकसनशील.
लांजेवार मास्तरांनी फोड करून दाखवली:
जसं सहनशील. म्हणजे ज्याचा तो स्वभावच.
मागून कुणी विचारलं, मग ते पुरं कधी होतं, सर?
मास्तर म्हणाले, ऑफिसातून खडू आण.

डिसेंबर आहे. राजधानी आली आहे इकडे,
दोन आठवड्यांसाठी, फायलींच्या पेट्या ट्रकात घालून.
दुभाजक काळेपिवळे, झाडांना गुडघ्यापर्यंत गेरू,
रंग इतका ताजा की एका कुत्र्याच्या पाठीवर पट्टा उमटलाय.
ऑटोवाला म्हणतो, आपण उपराजधानी ना,
म्हणजे पंगतीत वाढणारे.

बर्डीच्या पुढे बॅरिकेड. शिपाई डबा उघडायला लावतो.
कोणत्या मोर्चातल्या?
मी बाटल्यांवरची नावं वाचून दाखवते,
चिखलाबोडी, आंबेटोला, धामणटोला, मोहटोलीचा वरचा हापसा...
आवाज चढवत नाही मी, तरी आजूबाजूचे वळून बघतात.
सातव्या नावाला तो म्हणतो, जा, पण त्या गल्लीतून.

प्रयोगशाळेत खोब्रागडे मॅडम बाटल्या ओळीनं मांडतात.
बावीसच्या बावीस निवळशंख.
अहवाल? पंधरा-वीस दिवस धरा.
तोवर पेट्या पुन्हा ट्रकात चढलेल्या असतील.

परतीच्या गाडीत दिघोरीच्या आधीच तहान लागते.
यशोदाची बाटली पिशवीत, कोमट.
मी, जिला सगळं माहीत आहे, झाकण फिरवते.
एक घोट. मग अजून एक.
गोड आहे पाणी.
खिडकीबाहेर एक माणूस उकिडवा बसून दुभाजक रंगवतोय,
तीन-चार फूट उरलाय त्याचा.